ठोका कुणाचा, तडा कुणाचा

निरोपसमारंभात ऑफिसनं मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. छान आहे, पितळी कड आहे, आकडे ठळक आहेत. पण ते टिकटिक करतं. जिनं अख्खी नोकरी टिकटिक, खरखर आणि फटफट काढून टाकण्यात घालवली, तिला टिकटिकणारं घड्याळ द्यायचं कुणाच्या डोक्यातून निघालं, हे मी अजून शोधते आहे. संशय आमच्या मालकांवर, म्हणजे खन्नासाहेबांवर आहे. घरी आल्या आल्या मी त्याचा सेल काढला. आता ते स्वयंपाकघरात एकच वेळ दाखवत शोभेला लटकलेलं आहे.

मी नेमकं काय करायचे, हे दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळींना मला कधीच नीट सांगता आलं नाही. हळदीकुंकवाला कुणी विचारलं की आई सांगायची, "ती नोएडाला गाण्यांच्या कंपनीत आहे." लोकांना वाटायचं मी गाते. मग एखादं भावगीत म्हणायचा आग्रह व्हायचा. मी एकदा म्हटलं, त्यानंतर आग्रह बंद झाला. खरं तर मी धोबीण होते. जुने आवाज धुवायचे, वाळवायचे आणि घडी करून परत द्यायचे, एवढंच माझं काम.

त्यातही माझ्या वाट्याला आले ते नव्वद-शंभर वर्षांपूर्वीच्या नाचाच्या बँडांचे आवाज. त्या काळी दिल्ली, मसुरी, कलकत्ता अशा ठिकाणच्या मोठ्या हॉटेलांत रात्रीच्या जेवणाबरोबर बँड वाजायचा. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, बँजो, पियानो आणि ड्रम. साहेब-मडमा नाचायच्या, आणि वाजवणारे बहुतेक गोव्याचे, अँग्लो-इंडियन, क्वचित आपल्याकडचेही असायचे. त्यांतल्या काहींच्या रेकॉर्डी निघाल्या. त्या शोधून, त्यांचा आवाज नव्यानं उतरवून, साफ करून आमची कंपनी पुन्हा बाजारात आणायची. पूर्वी सीडीवर, नंतर नेटवर. ऐकणारे मूठभर, पण असे कट्टर की एका सुराचं इकडचं तिकडे झालं तरी लांबलचक ईमेल यायचा.

या रेकॉर्डी लाखेच्या. बांगड्यांची असते तीच लाख. वजनाला जड, स्वभावानं ठिसूळ, आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. घरोघरी त्या लोखंडी सुईनं वाजवल्या जायच्या आणि वाजता वाजता झिजायच्या. आमच्याकडे आली की पहिली आंघोळ. डिस्टिल्ड वॉटर, साबणाचे दोन-चार थेंब, मऊ ब्रश. स्पिरिट मात्र कधीही लावायचं नाही, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

हे लोकांना माहीत नसतं. करोनाच्या काळात वसंत कुंजमधल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांकडे त्यांच्या भावाच्या घरून रेकॉर्डींची पेटी आली. तेव्हा घरात येणारी कोथिंबीरसुद्धा धुतली जात होती. या गृहस्थांनी कापसाच्या बोळ्यानं, दोन्ही बाजूंनी, अगदी मनापासून, सगळ्या रेकॉर्डी सॅनिटायझरनं पुसल्या. मग वाजेनात म्हणून माझ्याकडे घेऊन आले. ज्या रेघांत गाणं कोरलेलं असतं त्या पार गेल्या होत्या, वर नुसते चिकट ओघळ. "मैडम, जर्म्स तो सारे निकल गए होंगे," ते म्हणाले. मी म्हटलं, "जी, गाना भी निकल गया." ते मोठ्यानं हसले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. त्या पेटीतल्या एका गाण्यावर त्यांचे आईवडील घरातल्या घरात नाचायचे, हे त्यांनी मला जाताना जिन्यात सांगितलं. मला फार वाईट वाटलं. विरघळलेलं परत आणायची विद्या माझ्याकडे नव्हती.

आंघोळीनंतर सुई निवडायची. जुन्या जाड सुयांनी रेघ एका ठरावीक खोलीवर झिजवलेली असते. आपण जरा बारीक सुई घेऊन त्या झिजेच्या खालून चालायचं, जिथे कुणी पाय ठेवलेला नाही. असा उतरवलेला आवाज कॉम्प्युटरवर घेतला की मग चरे, भेगा, टवके यांची टकटक काढायची. त्यासाठी एक बटण आहे. सॉफ्टवेअर आवाज तपासत जातं, अचानक उडालेली प्रत्येक अणकुचीदार टक पकडतं, तिला काढतं आणि आजूबाजूचा सूर ओढून भोक बुजवतं. रफूच म्हणा ना. खन्नासाहेबांचा या बटणावर फार जीव. "मैडम, कस्टमर को म्यूज़िक चाहिए, कड़ाही में पकौड़े नहीं," हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबरच असायचं.

आता सुवार्तामावशीची गोष्ट सांगते, कारण नोकरीतलं बाकी सगळं विसरले तरी ती विसरणार नाही.

आम्ही लक्ष्मीबाई नगरात, सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा समोरच्या ब्लॉकमध्ये मावशी राहायच्या. त्यांचे यजमान आमच्या बाबांसारखेच केंद्र सरकारात. मावशी शाळेत गणित शिकवायच्या. मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती. दिवाळीत आईचा फराळाचा डबा त्यांच्याकडे जायचा आणि नाताळात तोच डबा करंज्या भरून परत यायचा. मधले दोन महिने डबा कुठे असतो, याची आई दरवर्षी काळजी करायची. ते क्वार्टर्स आता पाडले. मावशी मुलाकडे, सुनीलकडे, नोएडाला राहायला आल्या.

एका रविवारी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या, महाराष्ट्र सरकारच्या गेस्ट हाऊसच्या कॅन्टीनमध्ये मी मिसळ खात होते. दिल्लीत मराठी माणूस भेटायची ती हमखास जागा. सुनील समोर येऊन बसला. मावशी लांब काउंटरपाशी पावासाठी हुज्जत घालत होत्या.

"मेधाताई, आईचं जरा बघशील का? म्हणजे, तुझ्या लाइनमधलंच आहे."

मावशींचे वडील, देवदान, तरुणपणी मसुरीच्या एका हॉटेलात बँडमध्ये ड्रम वाजवायचे, हे मला माहीत नव्हतं. सुनीलच्या मुलीला नेटवर त्या बँडचं एक गाणं सापडलं. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीनं जुन्या गाण्यांच्या संचात घालून काढलेलं. आजीच्या वाढदिवसाला तिनं ते मोबाइलवर लावलं. सगळे कौतुकानं मावशींकडे बघत होते. मावशींनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "बाबा कुठे आहेत?"

"यार ताई, आजोबांना जाऊन किती वर्षं झाली," सुनील म्हणाला. "आम्ही सगळे घाबरलो. डॉक्टरकडे नेलं तिला. त्यानं वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले."

"मग?"

"मग काय. तो बस म्हणाला तरी ती थांबेना. सगळं एकदम ठीक निघालं. पण ती एकच धरून बसलीय. या गाण्यात शेवटी बाबा लाकडी ठोकळा वाजवतात, आणि मोबाइलमध्ये तो नाहीये. आता घरी तीच रेकॉर्ड आहे, पण मशीन कधीच मोडलं, आणि रेकॉर्डला तडा आहे. मी म्हटलं, आई, लहानपणी तू जी टकटक ऐकायचीस, ती तड्याची असणार. बिल्कुल लॉजिकल आहे ना? तेव्हापासून या विषयावर ती माझ्याशी बोलतच नाही."

एवढ्यात मावशी पाव घेऊन आल्या. त्यांनी ओळखलं आमचं काय चाललंय ते. सुनील चहा आणायला उठल्यावर माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "मेधा, मला वाजवताना ते कधी बघायला मिळाले नाहीत गं. माझ्या जन्माआधीच त्यांनी बँड सोडला होता. वाजवतानाचा एक फोटोसुद्धा नाही. तेवढा ठोकाच आहे माझ्याकडे. तोही मी मनानं रचलेला असेल, तर मग माझ्या डोक्यातल्या दुसऱ्या कशावर मी भरवसा ठेवू? तू ऐक, आणि जे असेल ते खरं सांग. माझं मन राखू नकोस."

मी घरी येऊन ते नेटवरचं गाणं चांगल्या स्पीकरवर लावलं. काम सफाईदार होतं. कुठे खरखर नाही, टक नाही. शेवटी क्लॅरिनेट थांबतो, सॅक्सोफोन हळू होतो आणि तिथे गाणं जरा पोकळ वाटतं, पाट काढून घेतलेल्या पंगतीसारखं. मला शंका आली. कारण त्या काळी रेकॉर्डिंगमध्ये मोठा ढोल वाजवला की त्याच्या दणक्यानं कोरणारी सुई उडायची. म्हणून ड्रमवाल्याला ढोल बाहेर ठेवायला लावून हातात एक पोकळ लाकडी ठोकळा आणि काडी द्यायचे. पुढे यंत्रं सुधारली तरी ती पद्धत बरीच वर्षं राहिली. आणि ठोकळ्याचा आवाज कसा, तर अचानक, टोकदार, चटकन विझणारा. म्हणजे आमच्या बटणाला हवा असतो अगदी तसाच.

पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. रेकॉर्डनंच सांगायला हवं होतं.

मावशी ती जुन्या सुती साडीत गुंडाळून घेऊन आल्या. नोएडातलं आमचं ऑफिस म्हणजे काचा आणि एसी, त्यात ते साडीचं गाठोडं मांडीवर घेऊन त्या ताठ बसल्या होत्या. तडा केसासारखा बारीक होता, कडेपासून मधल्या कागदापर्यंत सरळ गेलेला. मी रेकॉर्ड धुतली, वाळवली, बारीक सुई लावली.

टक्. टक्. टक्. पहिल्या सुरापासूनच तडा सुरू झाला. रेकॉर्ड एकदा फिरली की एक टक, यात कधी बदल नाही. गाण्याच्या तालाशी तिचं काही देणंघेणं नसतं. कधी ती चुकून तालावर पडते, कधी भलतीकडेच. क्लॅरिनेट थांबला, शेवटचा भाग आला. मी कान देऊन ऐकत होते. टक्, टक्, खरखर, मधे काहीतरी गडबड, पुन्हा टक्. मला ठोकळा ऐकू आला नाही. खरंच आला नाही.

सुनील दाराशी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, उलट आपलं खरं ठरू नये असंच त्याला वाटत होतं. मावशी मात्र माझ्याकडे बघत होत्या.

"मला चार दिवस द्या," मी म्हटलं.

ऐकून कळेना तेव्हा मी बघायचं ठरवलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाचं चित्र दिसतं. तड्याच्या टका त्यात रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या, समान उंचीच्या, समान अंतरावर. गाणंभर नुसते ठिपके. आणि शेवटच्या भागात त्या ठिपक्यांच्या मधेमधे आणखी काही होते. लहान, कमीजास्त उंचीचे, रांगोळीचं अंतर न पाळणारे. मी त्यांचं अंतर सॅक्सोफोनच्या तालाशी ताडून पाहिलं. ते तालावर होते. थोडेसे मागे रेंगाळत, पण तालावर. भेगेला ताल कळत नाही. म्हणजे ते माणसानं वाजवलेले होते. मी खुर्चीतून उठून पाणी प्यायले. डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही पुसलं.

आता तड्याची एकेक टक हातानं काढायची आणि ठोक्याला धक्का लावायचा नाही. काही ठिकाणी दोघं एकमेकांना खेटून होते. आमच्या धंद्यात याहून कंटाळवाणं काम नाही. खन्नासाहेब मागे येऊन उभे राहिले.

"मैडम, एक बटन है. दबाओ और छुट्टी करो."

"सर, बटन को क्या पता कौन किसका बाप है," मी म्हटलं.

त्यांनी सगळी हकिकत विचारली. ऐकून ते निघून गेले. थोड्या वेळानं माझ्या टेबलावर चहा आला, आणि मग काम संपेपर्यंत न मागता येत राहिला. घड्याळाचं काहीही असो, माणूस तसा चांगला. मीही त्या दिवसांत विचार करत राहिले की आजवर त्या बटणाखाली असे किती हात गेले असतील. त्याचं उत्तर मला मिळणार नाही.

मावशी आणि सुनील पुन्हा आले. मी मावशींना स्पीकरच्या समोर बसवलं आणि गाणं लावलं. या वेळी सुरुवातीला टकटक नव्हती. बँड वाजत राहिला, क्लॅरिनेट वर चढून खाली आला, थांबला. आणि त्या मोकळ्या जागेत लाकूड बोललं. टक्, टकटक, टक्. पुन्हा टक्, टकटक, आणि शेवटचा ठोका मुद्दाम जरासा उशिरा, चेष्टेनं दिल्यासारखा.

"हे बाबा," मावशी म्हणाल्या. मोठ्यानं नाही, ओळख करून देताना म्हणतात तसं.

गाणं संपलं. मी जे असेल ते खरं सांगायचं कबूल केलं होतं, म्हणून पडदा दाखवून सगळं सांगितलं. कुठले ठिपके तड्याचे, कुठले तालावरचे, आणि परदेशातल्या त्या मंडळींच्या सॉफ्टवेअरनं दोन्ही कसे पुसले. सुनील ऐकता ऐकता आईच्या शेजारी येऊन बसला.

"सॉरी, आई."

"असू दे रे," मावशींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग मला म्हणाल्या, "पण मेधा, बाकीचं कुठे गेलं?"

"बाकीचं काय, मावशी?"

"तडा."

"तो काढला. काढावाच लागतो. त्याचं गाण्याशी काही नातं नसतं."

"काढलास?" त्यांचा चेहरा पडला. "अगं, तो माझा होता."

मला काही कळेना. सुनीललाही कळलं नव्हतं, हे त्याच्याकडे बघून समजलं.

मग मावशींनी सांगितलं. त्या अगदी लहान असताना बाबांची ही एकुलती एक रेकॉर्ड पलंगावर ठेवलेली होती, आणि त्या उड्या मारता मारता तिच्यावर बसल्या. तुटली नाही, पण तडा गेला. बँड सुटला होता, ड्रम विकला होता, बाबा एका दुकानात हिशेब लिहायचे. वाजवलेलं म्हणून जगात एवढंच उरलं होतं, आणि त्यावर लेक बसली. आई मारायला धावली. बाबांनी रेकॉर्ड मशीनवर चढवली, चावी दिली आणि दोघांनी ऐकलं. टक्, टक्, टक्.

"मी नुसती रडत होते. तर बाबा म्हणाले, रडतेस काय? आता तू पण बँडमध्ये आलीस. हा तुझा ठोका. मग रोज संध्याकाळी आमचं चालायचं. तडा आला की मी टेबलावर बोटानं वाजवायचं. आणि त्यांचा ठोकळा सुरू झाला की मी थांबायचं. तडा वाजत राहिला तरी मी थांबायचं. म्हणायचे, बँडमध्ये दुसऱ्याच्या अंगावर वाजवायचं नसतं."

"हे तू कधी सांगितलं नाहीस, आई," सुनील म्हणाला.

"तू म्हणालास, आई, तो नुसता तडा आहे. मग पुढे काय सांगू?"

मावशींनी पदरानं चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, "लोकांसाठी साफ केलंस ते फार छान केलंस. पण मला ते घरचं दे."

पुढच्या संचात आम्ही ते गाणं घेतलं. त्यात देवदानांचा ठोकळा आहे, तडा नाही. ते बरोबरच झालं, कारण ऐकणाऱ्यांना हवं होतं ते बँडचं गाणं. पण मावशींनी घरचं मागितलं त्या दिवशी मी कपाटातून ती मूळ रेकॉर्ड पुन्हा काढली. मावशी टेबलाजवळ खुर्ची ओढून बसल्या. सुनील त्यांच्या हाताकडे बघत होता. मी सुई ठेवली.

टक्. मावशींचं बोट टेबलावर पडलं. टक्. पुन्हा पडलं. ऐंशीच्या घरातलं ते वाकडं झालेलं बोट एकदाही चुकलं नाही. पियानो झाला, बँजो झाला, गाणं वेगात पुढे चाललं होतं आणि त्या आपला तडा वाजवत होत्या, तालाच्या अध्येमध्ये, अगदी बिनधास्त. मग क्लॅरिनेट वर चढला, खाली आला, थांबला. मागच्या वेळी मला त्या गडबडीत काही ऐकू आलं नव्हतं. या वेळी लाकडाचा ठोका लख्ख ऐकू आला.

तडा वाजतच होता. मावशींनी बोट उचललं, टेबलापासून थोडं वर धरलं, आणि बाबांचं वाजवून होईपर्यंत ते तसंच वर धरून बसल्या.